वाचून झाल्यावर : कादंबरी, कविता आणि आपला प्रतिसाद



साहित्यावरची व्याख्यानं आपण बरीच ऐकतो. त्यात बहुतेक वेळा लेखक मध्यभागी असतो. त्याचा काळ, त्याची शैली, त्याच्यावर कुणाकुणाचा प्रभाव. ते सगळं हवंच. पण पुस्तक छापून झालं, विकलं गेलं, कुणीतरी ते घरी नेऊन उघडलं, त्यानंतर काय होतं? त्या वाचणाऱ्या माणसाच्या मनात जे होतं, त्याला काही किंमत आहे की तो ज्याचा त्याचा खासगी मामला? आज आपण याच प्रश्नाकडे बघणार आहोत. त्यासाठी चार कादंबऱ्या आणि तीन कवी सोबतीला घेतलेत. सगळे तुमच्या ओळखीचे आहेत.

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. आम्ही आठ-दहा वाचक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. एक निवृत्त परिचारिका आहेत, एक जण बँकेत आहेत, दोघी शिक्षिका, एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे. समीक्षक कुणी नाही. ठरलेलं पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं, चहा व्हायच्या आत गप्पा सुरू करायच्या, आणि एकच नियम पाळायचा. कुणी म्हणालं की ‘मला हे फार लागलं’ किंवा ‘हे काही पटलं नाही’, तर बाकीच्यांनी म्हणायचं, ‘पान दाखवा.’ म्हणजे कुठे लागलं? कुठल्या वाक्यापाशी? हा नियम ऐकायला कोरडा वाटतो. पण त्यामुळे काय होतं, की आपल्या मनातली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट यांच्यात ये-जा सुरू होते. नुसतं ‘आवडलं’ म्हटलं की बोलणं संपतं. पान उघडलं की बोलणं सुरू होतं.

पहिलं पुस्तक, ह. ना. आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तेव्हा त्यांचं वय सव्वीस. कादंबरीतली यमू आपली गोष्ट स्वतः सांगते. लहानपण, लग्न, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबर आलेले थोडे मोकळे दिवस, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर तिच्यावर बळजबरीनं केलेलं केशवपन. त्याआधी 1857 मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं होतं, विधवांच्याच दुःखावर. दोन्ही नायिकांचं नाव यमुना, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण ‘यमुनापर्यटन’ वाचताना आपण विधवांची परिस्थिती समजून घेतो. आपट्यांचं पुस्तक वाचताना आपण एका मुलीच्या शेजारी बसलेलो असतो. ती भोंडल्याबद्दल बोलावं तसं घरातल्या माणसांबद्दल बोलते, मधेच विषय सोडते, परत येते.

आता इथे वाचकाच्या मनात काय होतं बघा. आमच्यातल्या दोन्ही शिक्षिकांनी वेगवेगळं पान दाखवलं. एकीनं केशवपनाचं पान दाखवलं. ते साहजिक आहे. दुसरीनं मात्र मुंबईतल्या सुखाची पानं दाखवली. यमू वाचायला लागते, नवऱ्याशी बरोबरीनं बोलते, तिची भीड चेपते, तो सगळा भाग. ती म्हणाली, ‘मला इथेच धडकी भरली. कारण ती हे सगळं नंतर आठवून सांगतेय. सांगणारीला शेवट माहीत आहे आणि तरी ती या दिवसांबद्दल इतक्या आवडीनं बोलते.’ हे आम्हाला कुणालाच आधी दिसलं नव्हतं, पण पुस्तकात ते आहे. आत्मकथनाचा घाट घेतला की सुखाच्या प्रसंगावरही पुढच्या दुःखाची सावली आपोआप पडते. ही तांत्रिक बाब झाली. पण ती आमच्यापर्यंत आली ती एका वाचकाच्या धडकीतून. म्हणून आम्ही म्हणतो, की भावना ही समजुतीच्या आड येते असं समजू नका. पुष्कळदा तीच वाट दाखवते. फक्त तिच्या मागोमाग पानापर्यंत जायला हवं.

दुसरं पुस्तक ‘रणांगण’. विश्राम बेडेकर, 1939. बारीकसं पुस्तक आहे, एका रविवारी वाचून होईल. युरोपातून निघालेल्या बोटीवरचा प्रवास. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण प्रेमभंगानं कडवट झालेला, आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू मुलगी. बोटीच्या मोजक्या दिवसांत त्यांचं प्रेम जमतं. मुंबई आली की चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही, तिला पुढे जायचंय, आणि ती पुढे समुद्रात जीव देते.

या पुस्तकावर आमच्याकडे जेवढं भांडण झालं तेवढं कशावरच झालं नाही. चक्रधर दोषी आहे का? दुकानवाले म्हणाले, ‘सरळ आहे, त्यानं तिला सोडलं.’ बँकवाले म्हणाले, ‘तो काय करणार होता? बंदरात उतरायची परवानगी त्याच्या हातात होती का?’ मग ‘पान दाखवा’ सुरू झालं. आणि पानं बघता बघता एक गोष्ट उघडी पडली. दोन्ही बाजूंना पुरावा मिळत होता! बेडेकरांनी चक्रधरला निवाडा करण्यापुरतं सोपं ठेवलेलंच नाही. तो प्रेमही करतो आणि अंगही राखून असतो. परिस्थिती त्याच्या हाताबाहेर आहे, हे खरं. आणि परिस्थिती हाताबाहेर आहे हे त्याला थोडं सोयीचंही आहे, हेही खरं.

अजून एक मुद्दा. 1939 साली हे पुस्तक वाचणाऱ्याला पुढे ज्यू लोकांचं काय झालं हे माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला माहीत आहे. त्यामुळे तेच पुस्तक आपल्या हातात जास्त जड लागतं. बोटीवरच्या लहान मुलांचे खेळ, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, यातलं प्रत्येक साधं दृश्य आपण त्या माहितीसकट वाचतो. एक अक्षरही न बदलता पुस्तक बदलतं, ते असं. आणि आपला प्रतिसाद हा आपल्या काळाचाही असतो. आज कुठल्या तरी किनाऱ्याला माणसांनी भरलेली बोट लागते आणि तिला परत पाठवलं जातं, ही बातमी आपण चहा पिताना बघतो. ‘रणांगण’ वाचलेला माणूस ती बातमी बघून वेगळं काही करेलच असं नाही. पण ‘माझ्या हातात काय आहे’ हे वाक्य तो पूर्वीइतक्या सहज म्हणू शकत नाही. एका कादंबरीनं एवढं केलं तर आम्ही ते कमी मानत नाही.

आता थोडं भाषेकडे येऊ. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 साली आली. कौतिक ही तिची नायिका. घरात दारिद्र्य, नवरा महादेव फारसा हातभार न लावणारा, पुढे त्याला महारोग होतो. कौतिक राबते, राबतच संपते. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं बोलतात अस्सल वऱ्हाडीत. आमच्यात विदर्भातलं कुणी नाही. पहिली तीस-चाळीस पानं सगळ्यांचीच गती अडखळत होती. एक-दोघांनी कुरकुर केली, की बोलीमुळे ओघ तुटतो.

मग आम्ही एक उपाय केला. संवाद मोठ्यानं वाचायचे. लाजायचं नाही, हेल चुकला तरी चालेल. दहा मिनिटांत फरक पडला. डोळ्यांना जे शब्द अवघड दिसत होते ते कानाला कळायला लागले. आणि बोली ही ‘स्थानिक रंग’ भरण्यासाठी नाही, हेही कळलं. कौतिक जे सोसते ते ती कधी मोठ्या शब्दांत सांगत नाही. तिच्याजवळ तसे शब्द नाहीत असं नव्हे, तिला तेवढी फुरसत नाही. रोजच्या व्यवहाराच्या तुटक वाक्यांतूनच सगळं कळतं. ते प्रमाण भाषेत आणलं असतं तर कौतिक व्याख्यान देतेय असं वाटलं असतं.

त्या दिवशी निवृत्त परिचारिका बाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘महादेवचा आजार कळल्यानंतर कौतिक ज्या घाईनं पुढच्या कामाला लागते, तेच पान माझं. नोकरीत अशा बायका मी खूप पाहिल्या. नवऱ्याच्या रोगाचं नाव कळलं की रडायच्या आधी विचारायच्या, औषधाला किती पडतील, आणि घरी परत जायची गाडी किती वाजता. तेव्हा मला वाटायचं, या कोरड्या झाल्यात. या पुस्तकानं त्या कोरडेपणाच्या आत नेलं.’ एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं. त्यानंतर त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. वाचनानं दुसऱ्याचं दुःख कळतं, असं आपण नेहमी ऐकतो. इथे जरा निराळं झालं. पूर्वी डोळ्यांसमोर घडून गेलेल्या गोष्टीला पुस्तकानं कित्येक वर्षांनी अर्थ दिला.

बोलीचा विषय निघाला म्हणून बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याचं माहेर. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचत. ती टिकली कारण घरच्यांनी उतरवून घेतली. मुलगा सोपानदेव, तेही कवी. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. म्हणजे विचार करा, आज जो संग्रह आपण शांतपणे डोळ्यांनी वाचतो, त्यातली एकही ओळ रचणारीनं कधी डोळ्यांनी वाचलेली नाही. ती कविता कानासाठी आणि हातासाठी जन्मली. जातं फिरतं त्या गतीनं ती चालते. म्हणून बहिणाबाई नुसत्या मनात वाचू नका. म्हणा. कणीक मळताना म्हणा. मग लक्षात येईल की यातली सुभाषितासारखी वाटणारी वाक्यं उपदेश करायला बसलेल्या बाईची नाहीत, काम करता करता स्वतःशी बोलणाऱ्या बाईची आहेत. फलकावर रंगवलं की तेच वाक्य उपदेश होतं.

कादंबरी आणि कविता यांच्या वाचनात एक मोठा फरक आम्हाला जाणवतो. कादंबरीला दिवस लागतात. मधे ऑफिस असतं, आजारपण असतं, पाहुणे असतात, आणि त्या दिवसांचं काहीबाही कादंबरीत मिसळतं. कविता दोन मिनिटांत वाचून होते, पण ती संपत नाही. ती खिशात राहते. कधीतरी भलत्याच वेळी हाताला लागते.

मर्ढेकरांचं उदाहरण घ्या. ‘काही कविता’ 1947 साली आलं. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आज मर्ढेकर म्हटलं की लोक म्हणतात, दुर्बोध. त्यांची उंदरांवरची कविता तर दुर्बोधतेचं उदाहरण म्हणूनच सांगितली जाते. आमच्याकडे ती वाचली तेव्हा आधी अर्थ विचारायचा नाही असं ठरवलं. तीन जणांनी तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा दुकानवाले म्हणाले, ‘अर्थ राहू द्या. ऐकायला ही घाण गोष्ट इतकी गोड का लागते?’ हा फार नेमका प्रश्न होता. मर्ढेकर संतांच्या ओवी-अभंगाच्या वळणात यंत्रं, गिरण्या, महानगराची गर्दी आणि मरण आणतात. कान देवळात असतो आणि डोळे नाक्यावर. त्या दोहोंत जी ओढाताण होते, ती महायुद्धानंतरच्या शहरात राहणाऱ्या माणसाची ओढाताण आहे. ‘याचा अर्थ काय’ म्हणून आधीच अडून बसलो असतो तर हे कानावर पडलंच नसतं. कविता कळली नाही म्हणजे दार बंद आहे असं नाही. तुम्ही आत आहात, फक्त दिवा लागायला वेळ आहे.

आता एक नाजूक मुद्दा. इंदिरा संत. त्यांचे पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले. पुढे ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ असे संग्रह येत गेले, आणि ‘गर्भरेशीम’ला 1984 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कवितांची ओळख करून देताना पहिलं वाक्य बहुधा तेच असतं, अकाली वैधव्य आणि विरह. ही माहिती खरी आहे. पण ती आधी हातात ठेवली की वाचक प्रत्येक कवितेत तोच एक माणूस शोधत बसतो. सापडला की समाधान पावतो आणि पुढच्या पानाकडे जातो. आमच्यातल्या एका तरुण मुलीला हे चरित्र माहीत नव्हतं. तिनं कविता वाचल्या आणि तिला दिसल्या त्या वस्तू. माती, पाऊस, ओला वारा, घरातल्या साध्या चिजा. ती म्हणाली, ‘ही बाई दुःख सांगत नाहीये. ती बघतेय. इतकं बारीक बघतेय, की त्यावरून कळतं हिच्याजवळ बोलायला कुणी नाही.’ तिला चरित्र नंतर कळलं. तेव्हा ते कवितेवर लावलेल्या पाटीसारखं न येता, ज्याची चाहूल आधीच लागली होती त्याला मिळालेल्या दुजोऱ्यासारखं आलं. म्हणून आमची एक सूचना आहे. प्रस्तावना शेवटी वाचा. लेखकाचं आयुष्य जाणून घ्या, जरूर घ्या, पण आधी त्याच्या शब्दांना एक संधी द्या.

शेवटचं पुस्तक ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे, 1963. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, काही धड होत नाही, परत गावी येतो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांनी त्यानं मराठी बोलण्याचा ढंगच बदलून टाकला. विशी-बाविशीत हे पुस्तक वाचणारे बहुतेक जण त्या टवाळीवर फिदा होतात. मेस, वसतिगृह, भाषणबाजी, सगळ्याची तो उडवतो. आपण हसतो. पण याच पुस्तकात त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. तिथे तो उडवण्याचा सूर टिकत नाही.

आमच्या गटातले बँकवाले या पुस्तकाच्या वेळी पानच दाखवेनात. नियम नियम आहे, आम्ही आग्रह केला. त्यांनी मनीचं पान उघडलं आणि वाचायला दुसऱ्याकडे दिलं. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं, त्यावर ते कधी बोलले नव्हते. वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘लोक भेटायला आले की काय काय बोलायचे. धीर धरा, देवाची इच्छा. या पोराला त्यातलं एकही वाक्य चालत नाही. तो चिडतो, भलभलतं आठवतो, सगळ्यांवर उखडतो. हे बरोबर आहे. असंच असतं.’

‘हे बरोबर आहे’ हे त्यांचे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. सुंदर आहे, थोर आहे असं ते म्हणाले नाहीत. जमाखर्च तपासणारा माणूस जसं टिचकी मारून म्हणतो, बरोबर आहे, तसं म्हणाले. आणि मग ‘कोसला’तली टवाळी आम्हाला वेगळी ऐकू यायला लागली. जो माणूस मोठ्या शब्दांना इतका हसतो, त्याच्यावर मरणाच्या वेळी विश्वास ठेवता येतो. कारण खोटं सांत्वन तो करणार नाही, याची खात्री त्यानं आधीच्या दीडशे चुटक्यांतून दिलेली असते. पुस्तकाची रचना काय, त्यातला विनोद कशासाठी, हे प्रश्न परीक्षेत येतात. त्यांचं उत्तर त्या संध्याकाळी एका भावाच्या दुःखातून मिळालं.

तर मग सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वाचकाच्या प्रतिसादाला किंमत आहे का? आम्ही म्हणू, आहे, पण दोन अटींवर. पहिली, तो पानापर्यंत नेता आला पाहिजे. पुस्तकात कुठेच आधार नसेल तर आपण पुस्तकाबद्दल बोलत नसून स्वतःबद्दल बोलतोय. तेही वाईट नाही, पण ते ओळखावं. दुसरी अट, तो दुसऱ्याला ऐकवला पाहिजे आणि दुसऱ्याचा ऐकला पाहिजे. सुखाच्या पानांत धडकी, कोरडेपणातली घालमेल, घाणीतला गोडवा, यातलं काहीच आम्हाला एकट्यानं वाचून दिसलं नसतं. पुस्तक एकच होतं, पण आठ माणसांनी आठ आयुष्यं घेऊन ते वाचलं.

घरी करून बघण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. एक साधी वही करा. पुस्तक संपलं की त्यात एक वाक्य आणि एक पान क्रमांक लिहा. सारांश नको, गुण-दोष नकोत, तारांकन नको. ‘या पानावर मी थांबलो, कारण...’ एवढंच. कविता असेल तर दोनदा मोठ्यानं म्हणा आणि मग लिहा. पाच वर्षांनी तेच पुस्तक परत वाचा आणि वही न बघता नवीन पान क्रमांक लिहा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन्ही तुमचेच असतील, आणि मधल्या पाच वर्षांत तुमचं काय झालं ते त्या दोन आकड्यांवरून कळेल.

आणि जमलंच तर चार माणसं गोळा करा. चहा ठेवा. कुणी म्हणालं ‘छान आहे हो पुस्तक’, तर हसून विचारा, ‘कुठलं पान?’